सतरावं पान

२७ ऑक्टोबर

धाकटे,

'प्रिय' लिहिलेलं नाही. जे मनात नाही ते कागदावर आणायची मला सवय नाही.

पत्र लिहावं लागतंय, कारण माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. आईला मात्र रोज फोन करतेस. आई फोन घेऊन मोरीत जाते, दार लावते आणि नळ सोडून बोलते. तिला वाटतं मला कळत नाही. महिन्याचं पाणी वाया गेलं आहे.

तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सुताराच्या आणि दोन अनोळखी बायकांच्या देखत तू मला विचारलंस, "ताई, ते पान कुठंय?" आणि उत्तर ऐकायलाही थांबली नाहीस. जिना उतरून चालती झालीस. मागे वळून बघितलं असतंस तर मी बोलायला तोंड उघडलेलं दिसलं असतं.

ते उत्तर आता लेखी घे.

छापखान्यात सोळा पानांचा एक फॉर्म असतो. मोठा कागद घडी घातला की सोळा पानं होतात. आपली अळंबी लागवडीची पुस्तिका भरली सतरा पानं. त्या एका पानासाठी आख्खा दुसरा फॉर्म लावायचा आणि पंधरा पानं कोरी सोडायची, असं कोणताही शहाणा माणूस करणार नाही. म्हणून ते पान राहिलं. यात कट नाही, कारस्थान नाही. छपाईचा साधा हिशेब आहे.

आता माझा प्रश्न. परवा तपासणी अधिकारी येऊन गेला. खुर्चीवर बसायच्या आधी त्याने विचारलं, "पुस्तिकेचं मूळ हस्तलिखित कुणाकडे आहे?" त्याला हस्तलिखित नावाची वस्तू आहे हे कुणी सांगितलं? मी सांगितलं नाही. सुताराला तो शब्द माहीत नाही. आई सांगणार नाही. राहिलं कोण?

गिरणीवालीचं मला काही वाटत नाही, असा समज करून घेऊ नकोस. मंडळाच्या चौदा घरांत तिच्या घरी मी सगळ्यात जास्त वेळा जेवले आहे. पण वाटणं वेगळं आणि झालेलं वेगळं. झालं ते असं: पाच तारखेला तिने आपल्या ओंडक्यांवरचा पहिला तोडा काढला, शिजवला आणि एकटीने खाल्ला. त्यात आपली लावलेली शिटाके अळंबी होती आणि दुसरंही काहीतरी होतं, छोटं, तपकिरी, विषारी. सहा तारखेला उलट्या. आठ तारखेला डोळे पिवळे. डॉक्टर म्हणाले, यकृत. पुस्तिकेच्या बाराव्या पानावर तुझंच वाक्य आहे की ओंडके जमिनीला टेकू देऊ नयेत. मी जाऊन पाहिलं. तिचे खालचे सहा ओंडके मातीत रुतलेले, साली सुटलेल्या, त्यांवर नको ते उगवलेलं. सूचना छापलेली होती. तिने पाळली नाही.

नऊ नोव्हेंबरला मंडळाची सभा आहे. ठराव तयार आहे: सदर सभासदाने लेखी सूचना पाळल्या नाहीत, सबब सभासदत्व रद्द. हॉटेलांना माल पोचवणारा व्यापारी हा ठराव हातात पडल्याशिवाय उरलेल्या तेरा घरांची एक पेटीही उचलणार नाही. तेरा घरं, धाकटे. घरामागे पडून असलेल्या झाडीच्या पट्ट्याचा त्यांना आयुष्यात कधी उपयोग झाला नव्हता. थंडीत हात फुटेपर्यंत त्यांनी ओंडक्यांना भोकं पाडली, बियाण्याच्या खुंट्या ठोकल्या, वर मेण लावलं, सावलीत रचून दीड वर्ष वाट बघितली. आता उगवतंय तर तू कागद नाचवणार?

हस्तलिखित परत पाठव.

आई विचारत होती, धाकटीने जाताना छत्री नेली का. मी म्हटलं, छत्री नेली, लाज ठेवून गेली. आई म्हणाली, "ठेवून गेली असेल तर तू वापर."

घरात हे असं चाललंय.

उत्तराची नाही, कागदाची वाट बघणारी,
ताई


३१ ऑक्टोबर

धाकटे,

कार्ड मिळालं. "तुझी प्रस्तावना चार पानांची." सही नाही, तारीख नाही. आईने ते उलटसुलट करून पाहिलं. तिला वाटलं, मागे काहीतरी माणसासारखं लिहिलेलं असेल.

हो, चार पानांची आहे. तुझा मजकूर तेरा पानांचा. मी माझं एक पान कापलं असतं तर तुझं शेवटचं पान बसलं असतं, हेच म्हणायचंय ना? मग तसं म्हण. टाचण्या टोचल्यासारखी चार-चार शब्दांची पत्रं पाठवू नकोस. लहानपणापासून तू भांडत नाहीस, नुसती खोलीतून निघून जातेस आणि समोरच्याला एकट्याला ओरडायला लावतेस. मग सगळ्या गल्लीला ओरडणारी दिसते.

त्या चार पानांनी काय केलं ते ऐक. तू दोन वर्षं संशोधन केंद्रात राहून शिकून आलीस, तेव्हा तुझ्यामागे किती माणसं उभी होती? तू पहिल्या बैठकीत आर्द्रता सांगितलीस. ओंडक्याचा व्यास सांगितलास. सुतार झोपला होता, मी पाहिलंय. गिरणीवाली मला हळूच म्हणाली, "ताई, धाकटी हुशार आहे हो, पण ती आपल्याशी बोलतेय की लाकडांशी?" मग मी उठले. मी सांगितलं की दोन एकरवाला माणूस सगळं आयुष्य उन्हाकडे बघत काढतो, आणि त्याच्याच घरामागे सावली फुकट पडलेली आहे. त्या सावलीलाही पीक येतं. एवढंच बोलले. चौदा जणांनी नावं दिली. तेच बोलणं मी चार पानांत लिहिलं, आणि ती पानं वाचून बायका दीड वर्ष ओंडक्यांना पाणी मारत राहिल्या.

आता फॉर्मचं. फॉर्मची गोष्ट खरी आहे. तुला खोटं सांगितलेलं नाही. पण पान काढायचं ते कारण नव्हतं.

मी तुझं ते पान वाचलं होतं. वर ठळक अक्षरांत 'हे खाऊ नका', खाली तू पेनने काढलेलं चित्र, आणि चित्राखाली यकृत कसं कसं निकामी होतं त्याची दिवसवार यादी. मी ते हातात धरून छापखान्याच्या बाकावर बसले. मला एकेक चेहरा दिसायला लागला. लहान शेतकऱ्याला आजवर प्रत्येकाने भीतीच विकली आहे. औषधवाला रोग दाखवतो. विमावाला गारपीट दाखवतो. नोकरी करणारा भाऊ सुट्टीत येतो आणि शेतीचं भविष्य दाखवतो. मला एकदा तरी त्यांच्या हातात असं काही द्यायचं होतं ज्याच्या शेवटच्या पानावर मरण नाही.

आणि तू होतीसच ना? विक्रीला जाणारी प्रत्येक पेटी तुझ्या टेबलावर रिकामी होणार होती. एकेक अळंबी उलटी करून, देठाला कडं आहे का बघून, शंका आली तर टोपी कागदावर पालथी ठेवून, सकाळी तिच्या भुकटीचा ठसा तपासून मग पुढे. मी विचार केला, जे काम डोळे करणार आहेत ते पानाने कशाला करायचं.

म्हणून काढलं. मी काढलं. छापखान्याने नाही. झालं समाधान?

यातलं एक अक्षरही मी सभेत बोलणार नाही, हेही ऐकून ठेव. माझ्या एका पानापायी तेरा घरांच्या पेट्या परत येणार असतील, तर ते पान लिहिलं गेलंच नाही एवढंच जगाला कळलं तरी पुरे. हस्तलिखित पाठव, नाहीतर जाळ. मला कुठलंही चालेल.

तुझी कोण ते तूच ठरव


३ नोव्हेंबर

धाकटे,

आज दवाखान्यात गेले होते. तू आईला विचारतेस म्हणे, "ताई एकदा तरी गेली का तिला बघायला?" गेले. कागद घेऊन गेले.

अधिकाऱ्याला गिरणीवालीचं लेखी निवेदन हवं होतं. सुताराने टाइप करून आणलं. चार ओळी: मला मंडळाने लेखी सूचना दिल्या होत्या, मी त्या पाळल्या नाहीत, झाल्या प्रकाराला मी जबाबदार आहे. मी वाटेत ठरवलं होतं कसं बोलायचं. तुला माहीत आहे, मला शब्द कमी पडत नाहीत. तेरा घरं सांगणार होते, व्यापारी सांगणार होते.

काही सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडची खाट. पिवळेपणा कमी झालाय, पण हात असे झालेत की सलाईनची पट्टीच जाड दिसते. मला बघून उठायला लागली. मी म्हटलं पडून राहा. तिने पहिलं काय विचारलं असेल? "ताई, माझ्या ओंडक्यांना पाणी कोण मारतंय?"

मी म्हटलं, सुतार मारतो.

"त्याला सांगा, नळी जोरात धरू नको. साल निघते." मग हसली. "साल निघायची राहिलीय कुठे म्हणा."

मी कागद पुढे केला. तिने वाचला. पेन मागितलं. सही केली. सही करताना जीभ दातात धरली, शाळेतल्या मुलीसारखी. मग उशीखालून आपली पुस्तिका काढली. कोपरे दुमडलेले, मधे पिठाचे डाग. म्हणाली, "ताई, रागावू नका, एक विचारते. इथे पडल्या पडल्या मी ही दोनदा वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. विषारी ओळखायची कशी ते कुठे लिहिलंय ते मला सापडेना. माझं लक्ष नसेल. डोळेही दुखतात अजून. तुम्ही जरा पान काढून देता का?"

मी पुस्तिका हातात घेतली.

मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुला तुझ्या त्या चार शब्दांत मावेल असा मजकूर मिळेल. मी पानं उलटली. सोळाही उलटली. आणि म्हटलं, "तू बरी हो आधी. मग बघू."

ती म्हणाली, "हो. माझंच चुकलं. नीट वाचलं पाहिजे होतं."

जिन्यात मला बसावं लागलं. एक आया फडकं घेऊन पायऱ्या पुसत होती. तिने मला उठवलं नाही. माझ्या भोवतीने पुसून पुढे गेली.

मी हे तुला का लिहितेय ते मला माहीत नाही. तुझा विजय झाला असं समजू नकोस. सहीचा कागद माझ्या कपाटात आहे आणि ठराव जसाच्या तसा आहे.

ताई


६ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं काही आलं नाही. येऊ नये हेच बरं. आज मला तुझ्याशी भांडायचं आहे, मधे बोलू नकोस.

सुतार तुझ्या टेबलावर बसलाय. कुणीतरी बसायला हवं म्हणून. पुढ्यात पुस्तिका उघडी, नाकावर चष्मा, हातात एक अळंबी. हिऱ्यासारखी उजेडात धरून बघत होता. मी म्हटलं, "काय दिसतंय?" तो म्हणाला, "अळंबी." मी म्हटलं, "चांगली की वाईट?" तो म्हणाला, "ताई, मला दार दाखवा, चांगलं की वाईट सांगतो. ही तर माझ्याकडे बघून गप्प बसते."

मग त्याने ती खाली ठेवली आणि चष्मा काढला.

"एक विचारू? विकायला जाणारा माल धाकटी बघायची. खरं ना?"

"खरं."

"आणि पहिला तोडा विकायचा नाही. घरी खायचा."

"हो. तो आपला रिवाज आहे."

"मग तो कोण बघायचं?"

मी म्हटलं, "तो विक्रीचा नव्हताच. टेबलावर कशाला येईल?"

"म्हणजे," सुतार म्हणाला, "हॉटेलातला माणूस वाचावा म्हणून धाकटीचे डोळे. आणि आपल्या बायकापोरांसाठी नुसत्या टाळ्या."

एकोणीस वर्षं मी व्यासपीठावर उभी राहतेय. इतकं नेमकं वाक्य मला एकदाही सुचलेलं नाही. बोलून झाल्यावर तो स्वतःच घाबरला. "मला तसं म्हणायचं नव्हतं," म्हणाला. मी म्हटलं, "तुला तसंच म्हणायचं होतं."

तो रिवाज माझा. खुंट्या ठोकायच्या दिवशी, ओंडक्यांच्या ढिगावर उभं राहून मी जाहीर केला. "आजवर आपण चांगलं ते बाजारात पाठवलं आणि उरलंसुरलं घरी खाल्लं. हे पीक तसं होणार नाही. ज्यांचे हात दुखले, त्यांच्या ताटात आधी. पहिला तोडा घरचा!" हातोड्या ओंडक्यांवर आपटून लोकांनी दाद दिली. गिरणीवालीने डोळे पुसले तर गालावर पीठ लागलं. मला तो क्षण आयुष्यातला सगळ्यात खरा वाटला होता. अजून वाटतो. ते वाक्य खोटं नव्हतं. त्यात एक टेबल कमी होतं.

आणि आता तू.

तू शेवटी उभी होतीस, हातात वितळलेल्या मेणाचं भांडं. सगळे आपटत होते, तू नाही. मला वाटलं, हात अडकलेत. पण तुला तेव्हाच दिसलं होतं. चौदा घरांत तुलाच एकटीला दिसू शकत होतं. एकच वाक्य बोलायचं होतं: "घरचंही आधी मला दाखवा." भांडं खाली ठेवून एवढं बोलली असतीस तर माझं भाषण पडलं असतं आणि ती बाई उभी असती. तू बोलली नाहीस. तू घरी गेलीस, सतरावं पान लिहिलंस आणि माझ्या हातात दिलंस. माझ्या! जिने तुझ्या शाळेतल्या निबंधातलीही आपल्याला न पटणारी वाक्यं खोडली तिच्या हातात. आणि कर्तव्य संपलं म्हणून मेण उकळत बसलीस.

मी बोलते म्हणून माणसं मरतात, असं तुझ्या मनात आहे. तू गप्प बसतेस म्हणूनही मरतात. हे दोन्ही एका घरातून निघालं, आणि आई मधे बसून दोघींना वाढत होती.

सभा तीन दिवसांवर आहे. हस्तलिखित पाठवू नकोस. आता मला ते नको.

ताई


१० नोव्हेंबर

धाकटे,

काल सभा झाली. तुला सुताराकडून कळेलच, पण तो स्वतःकडे जरा कमी घेईल आणि माझ्याकडे जरा जास्त देईल, म्हणून मीच लिहिते.

शेडमध्ये भरवली. बाकं कमी पडली तेव्हा लोक उलट्या पेट्यांवर बसले. व्यापारी आला होता. अधिकारी आला होता. आईसुद्धा आली, पहिल्या रांगेत, मी लहानपणी कविता म्हणायचे तेव्हा बसायची तशी, हात मांडीवर घट्ट. आणि सभा सुरू व्हायच्या आधी दारात रिक्षा थांबली. गिरणीवालीला दिराने धरून आणलं. डॉक्टरांनी आदल्या दिवशी सोडलं होतं. मी म्हटलं, "तू कशाला आलीस?" ती म्हणाली, "माझं नाव काढणार ना? मग मी असायला नको?"

ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली. तिच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या रिकाम्या राहिल्या. कुणी मुद्दाम केलं नाही. पण राहिल्या.

मी ठराव हातात घेतला. पहिली ओळ वाचली. "सदर सभासदाने लेखी सूचना." इथपर्यंत. मग माझ्या लक्षात आलं की सुतार खाली बघतोय, आई माझ्याकडे बघतेय, आणि गिरणीवालीने पिशवीतून पुस्तिका काढून मांडीवर उघडली आहे. ती अजून शोधत होती, धाकटे. सभा चालू असताना, आपल्याच हकालपट्टीच्या ठरावाच्या वेळी, तिला ते पान शोधायचं होतं.

मी ठराव घडी करून टेबलावर ठेवला. म्हटलं, "सगळ्यांनी पुस्तिका काढा. शेवटचं पान उघडा. यानंतर आणखी एक पान होतं. ते मी काढलं."

व्यापाऱ्याने विचारलं, "काय होतं त्यात?"

मी सांगितलं. हे खाऊ नका. आपल्याच ओंडक्यावर, आपल्याच अळंबीला खेटून दुसरी उगवू शकते. टोपी लहान, तपकिरी, ओली असताना चिकट. देठावर पातळ कडं. पांढऱ्या कागदावर टोपी पालथी ठेवा. ठसा गंजाच्या रंगाचा आला तर सगळा तोडा फेकून द्या. शिजवल्याने विष जात नाही. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काही होत नाही. मग उलट्या, जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस बरा झाल्यासारखा वाटतो. तो बरा झालेला नसतो. हाच दिवस दवाखान्यात जायचा असतो.

मागून कुणीतरी ओरडलं, "तुम्हाला पाठ कसं?"

मी म्हटलं, "वाचलं होतं म्हणून. तीन वेळा."

एकेक करून पुस्तिका मिटल्या गेल्या.  

आता जे तुलाही माहीत नाही ते. तुला मी पाच, सहा आणि आठ तारीख लिहिली. सात लिहिली नाही. सात तारखेला दुपारी मी गिरणीवालीकडे गेले होते. ती अंगणात बसली होती, चेहरा उतरलेला, पण हसत होती. म्हणाली, काल फार त्रास झाला, आज बरं वाटतंय, धाकटीला विचारू का, अळंबीचं तर नसेल? मला ते पान पाठ होतं. बरं वाटण्याचा दिवस. ते वाक्य माझ्या डोक्यात आलं, अगदी तुझ्या अक्षरात आलं. आणि दुसऱ्या दिवशी व्यापारी पहिल्यांदा माल बघायला येणार होता. मी म्हटलं, "पोट आहे, बिघडतं. धाकटीला उगाच घाबरवू नकोस, ती गावभर करेल." तिने मान डोलावली. मी निघाले तेव्हा तिने मला दारापर्यंत सोडलं.

हे मी सभेत जसंच्या तसं सांगितलं. तिने इतक्या दिवसांत हे कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, दिराला नाही, अधिकाऱ्याला नाही. दीर जागेवरून उठला, तेव्हा तिने त्याचा सदरा धरून खाली बसवलं.

मी अजून बोलणार होते. मला माहीत आहे, मी बोलतच राहिले असते. जबाबदारी, विश्वास, एकोणीस वर्षं. शब्द रांगेत उभे होते. तेवढ्यात गिरणीवाली खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही आता खाली बसा."

आवाज अगदी लहान. राग नव्हता. दळण झाल्यावर गिरणी बंद करावी तसं.

मी बसले.

मग ती सुताराला म्हणाली, "लिही. घरचा तोडा आधी टेबलावर. दाखवल्याशिवाय कुणी चूल पेटवायची नाही." सुताराने ठरावाच्याच पाठीमागे लिहिलं. हात वर झाले. मग कुणीतरी अध्यक्ष बदलायचं काढलं. नऊ विरुद्ध चार. चारांत एक आई होती. ती सभासद नाही, पण तिने हात वर केला आणि तो मोजू नका म्हणायची कुणाची छाती झाली नाही. अधिकाऱ्याने माझा जबाब वेगळा घेतला. त्याचं पुढे काय व्हायचं ते होईल. मी सही करताना वाचून केली.

बाहेर पडताना मी गिरणीवालीजवळ गेले. तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि दिराला म्हणाली, "चल, रिक्षा थांबलीय." माझ्याशी बोलली नाही. बोलायला हवं असं मला वाटलंही नाही. पण मी उभी राहिले, ती दिसेनाशी होईपर्यंत. एवढं करता आलं.

हस्तलिखित सुताराला पाठव. ते पुस्तिका पुन्हा छापतायत. तेरा पानं तुझी. प्रस्तावना काढली आहे. छापखानेवाला म्हणाला, तीन पानं कोरी राहतील. सुतार म्हणाला, राहू देत, लोक हिशेब लिहितील.

मी तुला माफ केलेलं नाही. ते मेणाचं भांडं मला अजून दिसतं. तूही मला करू नकोस. घाईने केलेलं आपल्या घरात टिकत नाही. पण व्यापारी म्हणतो, तपासणारा माणूस टेबलावर बसेल त्या दिवशी गाडी पाठवतो. आणि आधी भीतीमुळे, आता नव्या ठरावामुळे चौदा घरांत चांगली अळंबीसुद्धा कुणी खात नाहीये. ओंडक्यांवर टोप्या उघडून, कडा वर वळून, काळ्या पडतायत. आज सकाळी सुताराच्या बायकोने परातभर आणून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "ही खाऊ का?" खोलीत सात माणसं होती. एकालाही उत्तर देता आलं नाही. मला तर कुणी विचारलंच नाही.

सोमवारी सकाळी सातला शेड उघडेल. मी तिथे नसेन, ते बघून ये.

ताई